दोनशेवा पक्षी

जानेवारीतला रविवार होता. सासवडच्या पुढे, जेजुरीच्या बाजूच्या एका माळावर आम्ही चौदा जण उभे होतो. पावणेआठ वाजले होते. गवतावर दव होतं, सगळ्यांचे बूट ओले झाले होते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "भोवत्या!" आणि चौदा दुर्बिणी एकदम एका दिशेला वळल्या.

भोवत्या हा हिवाळ्यात आपल्याकडे येणारा शिकारी पक्षी. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून येतो आणि आपल्या माळांवर नाकतोडे, चंडोल, उंदीर असं मिळेल ते खाऊन थंडी काढतो. पंख थोडे वर उचलून, गवताला जवळजवळ घासत तरंगत जातो. एकदा पाहिला की लक्षात राहतो. अडचण पुढे आहे. आपल्याकडे त्याच्या बऱ्याच प्रजाती येतात. त्यांपैकी पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या यांचे नर ओळखता येतात, पण माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं तपकिरी असतात आणि लांबून सारखीच दिसतात. पांढुरक्याच्या मानेभोवती एक फिकट पट्टा असतो. तो नीट दिसला तर प्रश्न बराचसा सुटतो.

आमच्या समोरचा पक्षी तपकिरी होता. लांब होता, सूर्य त्याच्या मागे होता आणि तो साधारण सहा सेकंद दिसला. मानेवर पट्टा होता का? असावा. असता तर बरं झालं असतं.

कारण माझी यादी १९९ वर अडली होती. मी ई-बर्ड हे ॲप वापरतो. जगभरातले पक्षीनिरीक्षक त्यात आपल्या नोंदी टाकतात आणि तुम्ही आयुष्यात किती प्रजाती पाहिल्या तो आकडा ते तुम्हाला सतत दाखवत राहतं. दोन महिने तो आकडा हलला नव्हता. माँटेग्यूचा भोवत्या माझ्या यादीत आधीच होता, पांढुरका नव्हता. मी टाइप केलं: पांढुरका भोवत्या, १. आकडा २०० झाला. सात वाजून बावन्न मिनिटं. मागे कुणीतरी थर्मासमधून चहा ओतत होतं.

ॲपनं काहीच हरकत घेतली नाही, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अशा तपासण्या कशा चालतात हे मला ठाऊक आहे. प्रत्येक भागासाठी, प्रत्येक महिन्यासाठी एक चाळणी ठरलेली असते. सासवडला जानेवारीत पेंग्विन लिहिलात तर ती अडवेल. आकडा फार मोठा टाकलात तर विचारेल, मग एखादा स्वयंसेवक तपासनीस तुम्हाला ईमेल करेल. पण पुणे जिल्ह्यातल्या माळावर हिवाळ्यात एक पांढुरका भोवत्या? अगदी शक्य आहे. चाळणी अशक्य गोष्टी अडवते. शक्य असलेलं खोटं तिच्यातून पाण्यासारखं खाली जातं.

आणि आपण आयुष्यात जी खोटी बोलतो ती बहुतेक शक्य असलेलीच असतात, नाही का? "ट्रॅफिक होतं." "मेल पाहिला नाही." "वाचलंय मी ते पुस्तक, पण बरेच दिवस झाले."

*

गोष्ट इथेच संपली असती. पण आमचा ग्रुप फक्त पक्षी बघत नाही. महिन्यातून दोन रविवार बाहेर पडायचं, नव्या लोकांना, मुलांना सोबत न्यायचं, परत येताना टपरीवर चहा-क्रीमरोल, हे तर आहेच. शिवाय शहराच्या आसपासच्या टेकड्या, तळी, माळ यांच्या नोंदी ठेवायच्या आणि गरज पडली की त्या कागदावर मांडायच्या, हेही काम आहे. ते प्रामुख्यानं काका करतात. काका बँकेतून निवृत्त झालेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

तीन आठवड्यांनी कळलं की त्या माळावर वृक्षारोपण होणार आहे. काही हजार झाडं. हे ऐकून वाईट का वाटावं, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी वाटलं असतं. झाड लावणं ही आपल्याकडे शंकाच घेता येत नाही अशी चांगली गोष्ट आहे. पण माळ म्हणजे झाडं नसलेलं जंगल नव्हे. तिथं कमी पाऊस, उथळ माती आणि गवत यांचं स्वतःचं जग असतं. धाविक नावाचा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो आणि धोका दिसला की पळत सुटतो. माळटिटवीचंही तेच. चंडोल, तीरचिमण्या, पखुर्ड्या, खोकड, लांडगा ही सगळी मोकळ्या जागेतली वस्ती आहे. माळढोकाला दूरवर नजर पोहोचेल असा माळ लागतो, आणि तो आज महाराष्ट्रात जवळपास संपला आहे. खड्डे खणून रांगेत रोपं लावली की ही वस्ती उठते. पण सरकारी कागदांत अशा कित्येक जमिनी 'पडीक' म्हणून लिहिल्या जातात, आणि पडीक जागेवर काहीही केलं तरी ती सुधारणाच ठरते.

म्हणून काकांनी पत्राचा मसुदा केला. ही जागा पडीक नाही, इथं काय काय राहतं ते पाहा, रोपं दुसरीकडे लावा. सोबत पक्ष्यांची यादी. शनिवारी रात्री नऊच्या सुमारास त्यांनी मसुदा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला: "सोमवारी सकाळी देणार आहे. चुका असतील तर उद्यापर्यंत सांगा."

मी पीडीएफ उघडली. अडतीस प्रजाती. आणि यादीच्या वर, ठळक अक्षरांत, एक वेगळं वाक्य: या माळावर 'पांढुरका भोवत्या' या जागतिक पातळीवर संकटसमीप मानल्या गेलेल्या पक्ष्याची नोंद झाली आहे.

ते खरं आहे. म्हणजे पांढुरका भोवत्या संकटसमीप आहे, हे खरं आहे. माँटेग्यूचा त्या मानानं सुरक्षित गटात मोडतो. कुठलाही जाणकार माणूस ती यादी वाचताना त्याच ओळीवर थांबला असता. काकांनी ती म्हणूनच वर घेतली होती.

*

पुढचा तासभर मी स्वतःशी जो युक्तिवाद केला तो इथे सांगतो, कारण तो वाईट नव्हता.

पहिलं म्हणजे, मी नक्की खोटं लिहिलं असं तरी कुठे आहे? पक्षी पांढुरका असूही शकेल. दुसरं, तो या माळावर त्या दिवशी आला नसला तरी असल्या माळांवर येतोच. तिसरं, कारण चांगलं आहे. माझ्या एका ओळीनं धाविकाची अंडी वाचणार असतील तर त्या ओळीचं वजन तराजूत टाकून बघायला नको का? चौथं, समोरच्या बाजूचे कागद कुठे धुतल्या तांदळासारखे असतात? लावलेल्या रोपांतली किती जगली हे कोण मोजतं? आणि पाचवं, सगळ्यात भक्कम: कुणालाही कधीही कळणार नाही. पक्षी उडून गेला आहे. फोटो नाही. ते सहा सेकंद आता जगात कुठेच साठवलेले नाहीत.

यातल्या तिसऱ्या मुद्द्याला मी बराच वेळ अडकलो. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की स्वार्थासाठी खोटं बोलू नये. परोपकारासाठी बोलावं का, यावर मात्र आपण गुळमुळीत असतो. पण मग लक्षात आलं की मी ती नोंद माळासाठी केलीच नव्हती. दोनशेसाठी केली होती. माळाचा प्रश्न नंतर आला. माझ्या खोट्याला परोपकाराचा सदरा तीन आठवड्यांनी, शिवून तयार मिळाला होता.

त्याच रात्री मला रानपिंगळ्याची गोष्ट आठवली. पक्षी बघणाऱ्यांना ती माहीत असते, इतरांसाठी थोडक्यात सांगतो.

रानपिंगळा हे मध्य भारतातलं एक छोटं घुबड. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजकेच नमुने गोळा झाले. शेवटचा १८८४ मध्ये, खानदेशातून. त्यानंतर तो कुणाला सापडेना. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: १९१४, मांडवी, गुजरात. माणूस नावाजलेला होता, जागा अशक्य नव्हती. लोकांनी विश्वास ठेवला. शोध घेणाऱ्यांनी त्या नोंदीच्या आधारेही शोध घेतला, आणि हात हलवत परत आले. रानपिंगळा नामशेष झाला, असं बऱ्याच जणांनी मानलं.

पुढे १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ जुने नमुने तपासत होत्या. त्यांच्या लक्षात आलं की माइनर्ट्झहागेननं संग्रहालयांतले नमुने चोरून त्यांच्यावर खोट्या तारखा आणि खोटी ठिकाणं चिकटवली होती. मांडवीचं घुबड हे मुळात एकोणिसाव्या शतकात दुसऱ्यानं गोळा केलेलं होतं. ती चिठ्ठी बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या नोंदींच्या जागी गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळ, दिवसाढवळ्या रानपिंगळा समोर बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. आता तो मेळघाटात, आणि तानसाच्या जंगलातही सापडला आहे.

ही गोष्ट मी पूर्वी शोधाची गोष्ट म्हणून वाचली होती. त्या रात्री मला त्यातली चिठ्ठीच दिसत होती. तीही शक्य कोटीतली होती. तीही कुठल्याच चाळणीत अडकली नव्हती. मी माइनर्ट्झहागेन नाही, माझी चोरी सहा सेकंदांची आहे, हे मान्य. पण त्याची सुरुवात कशी झाली असेल? पहिल्याच दिवशी तो संग्रहालयातून घुबड खिशात घालून निघाला असेल, असं मला वाटत नाही. यादीतली एखादी रिकामी जागा त्याला आधी खुपली असेल.

*

एक गोष्ट ऑफिसातली. गेल्या वर्षी आम्ही छोट्या दुकानदारांच्या बिलिंग ॲपची नवी आवृत्ती सोडली. सोडण्याआधी भरायची एक यादी असते. तिच्यात एक चौकोन होता: 'जुन्या फोनवर तपासलं'. मी तपासलं नव्हतं. आधीच्या दोन आवृत्त्यांना काही झालं नव्हतं, याही वेळी होणार नव्हतं. मी टिक केलं. शनिवारी संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, जुन्या फोनांवर बिलाचा स्क्रीन अडकायला लागला. सपोर्टमधली एक मुलगी रात्री एकपर्यंत दुकानदारांच्या शिव्या खात होती.

सोमवारी कारणांचा अहवाल मीच लिहिला. त्यात वाक्य होतं: "जुन्या फोनवरचं टेस्टिंग राहून गेलं."

राहून गेलं. आपली भाषा किती दयाळू आहे बघा. कोणी ठेवलं नाही, कोणी टाळलं नाही, ते आपलं आपण राहून गेलं. काच फुटली, दूध उतू गेलं, टेस्टिंग राहून गेलं. "दिसला असावा" हे वाक्यही त्याच घरातलं. 'असावा' म्हणताना आपण शंका दाखवतो, आणि लिहिताना तो 'असावा' गाळून टाकतो.

तेव्हा मला वाटलं होतं, हा कामाच्या घाईचा परिणाम. डेडलाइन नसती तर मी असं केलं नसतं. माळावर कुठली डेडलाइन होती? रविवार होता. पगार नव्हता, बॉस नव्हता, काही सिद्ध करायचं नव्हतं. तरी मी टिक केलं.

*

दहा वाजता काकांना फोन केला.

"बोल रे."

"काका, तो पांढुरका भोवत्या काढा यादीतून. मला पट्टा दिसला नव्हता."

ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि हे आत्ता सांगतोयस? तीन आठवडे काय करत होतास?"

मी काही बोललो नाही. बरं झालं सांगितलंस वगैरे ते म्हणतील, असं मला कुठेतरी वाटत होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी विचारलं, "दिसलं काय होतं ते सांग. काय होतं ते विचारत नाही."

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. पहिल्यांदा मी तो डिसेंबरमध्ये ऐकला होता. आईबरोबर आलेली सातवीतली एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, तिनं गरुड पाहिला. मोठी माणसं हसली. काका हसले नाहीत. म्हणाले, "गरुड बाजूला ठेव. तुला काय काय दिसलं?" तिनं सांगितलं: पांढरा होता, खांद्यावर काळं होतं, एकाच जागी हवेत थांबून पंख मारत होता, डोळे लाल होते. "मग ही कापशी," काका म्हणाले, "आणि तू फार छान पाहिलंयस." नाव चुकलं होतं, पण पाहणं चोख होतं. माझं नेमकं उलटं होतं. नाव चोख, आणि पाहिलं काहीच नव्हतं.

मी सांगितलं: तपकिरी, कमरेवर पांढरं, सडपातळ, पंख वर उचललेले. मान दिसली नाही.

"हं. मलाही नव्हती दिसली," काका म्हणाले. "मी तुझ्या शेजारीच होतो. मला वाटलं, पोराचे डोळे तरुण आहेत, त्याला दिसली असेल. म्हणून मी माझ्या यादीतही तेच लिहिलं."

हे मला लागलं. माझी एक नोंद आता दोन झाली होती. उद्या कुणी तपासलं असतं तर दोन स्वतंत्र माणसांनी तोच पक्षी पाहिल्याचा पुरावा मिळाला असता. आणि दोघांनीही तो पाहिला नव्हता. मी इच्छेवर विश्वास ठेवला, काकांनी माझ्यावर.

ग्रुपबरोबर बाहेर पडण्यातली ही बाजू माझ्या कधी लक्षात आली नव्हती. एकट्यानं पक्षी बघणारा फक्त स्वतःला फसवू शकतो. चौदा जणांत कुणी म्हणतं, "डावीकडे, बाभळीच्या शेंड्यावर," आणि आपल्याला काहीच दिसत नसताना आपण मान डोलावतो. पुढच्या वेळी आपलं बोट बघून दुसरा कुणी मान डोलावतो. आपली अर्धी दृष्टी अशी उसनी असते. उसनी आहे म्हणून वाईट नाही, तिच्याशिवाय कुणी काही शिकलंच नसतं. पण उसनं देणाऱ्यानं नाणं खरं द्यायचं असतं.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा आहे. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकाळचा कल कळू शकला त्यांतल्या ६० टक्के घटल्या आहेत, हे आपल्याला त्यातूनच कळलं. गवताळ माळांवरच्या पक्ष्यांची अवस्था वाईट आहे, हेही. तीन कोटींत माझी एक ओळ म्हणजे काय? काहीच नाही, गणित तसंच सांगतं. पण ज्या तर्कानं माझं खोटं क्षुल्लक ठरतं, त्याच तर्कानं माझं खरंही क्षुल्लक ठरतं. मग रविवारी पहाटे पाचला उठून जायचं कशाला?

माझी आजी श्रावणात खुलभर दुधाची कहाणी सांगायची. राजानं महादेवाचा गाभारा भरायला गावातलं सगळं दूध मागवलं. लोकांनी वासरांच्या, पोरांच्या तोंडचं आणून ओतलं. गाभारा भरला नाही. मग एक म्हातारी घरातल्या सगळ्यांचं पोट भरून, उरलेलं खुलभर दूध घेऊन आली आणि गाभारा भरला. मला लहानपणी त्यातला चमत्कार आवडायचा. आता वाटतं, तिच्या खुल्यात दुसऱ्याच्या वाट्याचा एक थेंब नव्हता, हेच कहाणीला सांगायचं असावं.

*

एक प्रश्न मात्र मी सोडवू शकलेलो नाही. त्या ओळीनंच माळ वाचणार असता तर?

काका म्हणाले, एक ओळ खोटी निघाली की अडतीसच्या अडतीस संशयात जातात. बरोबर आहे. पण ते पकडले जाण्याचं भय झालं. पकडलो जाणारच नसतो तर? त्यावर माझ्याकडे एवढंच आहे: पांढुरका भोवत्या घालून मी असं म्हणत होतो की त्या माळावर खरोखर जे आहे ते पुरेसं नाही. धाविक पुरेसा नाही, चंडोल पुरेसे नाहीत, त्यांच्या मदतीला एखादा मोठा पाहुणा बोलवायला हवा. जे लोक त्या जागेला पडीक म्हणतात, तेही साधारण हेच म्हणतात.

हे उत्तर मला पटतं. पण माळावर खड्डे पडलेले पाहिले तर तेव्हाही पटेल का, हे तेव्हाच कळेल.

पत्र सोमवारी गेलं. वरची ठळक ओळ नव्हती. सदतीस नावं होती आणि शेवटी अडतिसावी नोंद: 'भोवत्या, प्रजाती निश्चित नाही'. ई-बर्डमध्ये अशा नोंदीची सोय आहे. दोन्हींपैकी एक, कोणता ते सांगता येत नाही, असं लिहिता येतं. ती सोय इतके दिवस मला हरल्याची कबुली वाटायची. आता तिच्याकडे बघताना वाटतं, ज्यानं कुणी हा पर्याय बनवला त्याला माणसं चांगली कळत असावीत. मी नोंद बदलली. २०० चे परत १९९ झाले. खरं सांगायचं तर वाईट वाटलं.

पत्राला अजून उत्तर आलेलं नाही. गेल्या रविवारी आम्ही पुन्हा तिथंच गेलो होतो. गवत पिवळं पडलंय, भोवत्यांची परतीची वेळ जवळ आली आहे. लांबवर एक तपकिरी पक्षी गवतावरून तरंगत गेला. ती सातवीतली मुलगी माझ्या शेजारी होती. तिनं वही उघडून विचारलं, "दादा, कोणता होता?"

"भोवत्या," मी म्हणालो. "कोणता ते नाही कळलं."

तिनं लिहिलं: भोवत्या, कोणता ते नाही कळलं. आणि पुढे वेळ टाकली.